कोपरा मोकळा हवा



आपल्या शाळेतल्या बाईंच्या स्मृतिदिनी या सभागृहात आजवर शिक्षणावर, भाषेवर, संतसाहित्यावर व्याख्याने झाली. मी आज एका चौकाविषयी बोलणार आहे. शाळेच्या फाटकातून निघून शंभरएक पावले चालले की दोन रस्ते एकमेकांना छेदतात, तो चौक. त्याला सिग्नल नाही आणि पाटीवर लिहिलेले नावही नाही. पण तुमच्यापैकी जे या शाळेत शिकले, त्या प्रत्येकाचा हात त्या चौकात बाईंनी एकदा तरी धरलेला आहे.

शाळा सुटली की बाई हातात तांबड्या कापडाचा तुकडा घेऊन चौकात येत. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हे काम कुणावर सोपवले नाही. पाऊस असला तर डाव्या हातात छत्री आणि उजव्या हातात कापड. त्या फुटपाथवर उभ्या राहत नसत. फुटपाथ सोडून दोन पावले रस्त्यात येत आणि मुलांना आपल्या मागे थांबवून ठेवत. स्कूटरवाले चिडत. “बाई, बाजूला व्हा, रस्त्यात काय उभ्या राहता?” असे मी स्वतः ऐकले आहे. बाई हलत नसत. त्यांच्या त्या दोन पावलांचा अर्थ मला फार उशिरा कळला. आजचे व्याख्यान म्हणजे त्या दोन पावलांचाच हिशेब आहे.

मी तेव्हा महापालिकेच्या पथ विभागात कनिष्ठ अभियंता होतो. बाईंनी आमच्या कार्यालयाला तीन अर्ज केले होते. त्यांतला एक माझ्या टेबलावर आला. त्यात त्यांनी लिहिले होते, ‘या चौकात मुलांना दिसत नाही आणि मुले दिसत नाहीत.’ मी तो वाचला आणि शेऱ्यात ‘गतिरोधकाची मागणी’ असे लिहून टाकले. बाईंनी गतिरोधक मागितलाच नव्हता. आमच्याकडे ज्या कामाचे दर ठरलेले होते, त्या कामाच्या चौकटीत मी त्यांची तक्रार बसवली. महिनाभरात चौकाच्या अलीकडे डांबराचा एक उंचवटा झाला आणि फाइल बंद झाली.

१९९४ च्या पावसाळ्यात पाचवीतली एक मुलगी त्या चौकात स्कूटरखाली आली. त्या दिवशी बाई एका बैठकीसाठी बाहेरगावी गेल्या होत्या. मुलीच्या मांडीचे हाड मोडले. स्कूटरवरचा कॉलेजचा मुलगाही पडला, त्याच्या डोक्याला टाके पडले. दोघेही वाचले. जमलेल्या लोकांपैकी काहींनी मुलीला दोष दिला, काहींनी मुलाला. कागदावर ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आला. मी त्या दोघांनाही भेटलो. मुलगी म्हणाली, “गाडी दिसलीच नाही.” मुलगा म्हणाला, “मुलगी दिसलीच नाही.” लोकांना ही पळवाट वाटली. मला त्या वेळी बाईंच्या अर्जातले वाक्य आठवले. ते वाक्य जसेच्या तसे दोन तोंडांतून माझ्यासमोर आले होते.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन चौकात गेलो. मुलगी फुटपाथच्या कडेला जिथे उभी होती, तिथे उभा राहिलो. तिच्या उजव्या हाताला तीन मीटरवर एक मॅटॅडोर उभी असायची, ती त्या दिवशीही होती. तिथून उजवीकडचा रस्ता मला किती दिसतो, ते मोजले. पाच मीटर. ताशी ४० किलोमीटरने येणारी स्कूटर एका सेकंदात ११ मीटर जाते. म्हणजे मुलीला स्कूटर दिसल्यापासून ती अंगावर येईपर्यंत अर्धा सेकंदही नव्हता. ब्रेककडे हात जायलाही एवढा वेळ पुरत नाही. ती दोघे खरे बोलत होती.

मित्रहो, मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. लक्ष देणे माणसाच्या हातात असते, दिसणे मात्र रस्त्याच्या हातात असते. आपण रस्त्याकडेच्या पाट्यांवर ‘अति घाई, संकटात नेई’ लिहितो. शाळांमधून सुरक्षा सप्ताह साजरा करतो. मुलांना शिकवतो, आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. हे सगळे योग्य आहे. पण उजवीकडे बघितल्यावर मुलाला मॅटॅडोरचा पत्राच दिसत असेल, तर त्याने शिकलेला धडा त्याच्या काय कामाचा? लक्ष प्रत्येकाने आपापले द्यायचे, पण दिसण्याची सोय आपण सर्वांनी मिळून करायची असते. ती सोय चौकाच्या कोपऱ्यावर होते.

आता थोडे गणित. गाडी थांबायला लागणारे अंतर दोन तुकड्यांचे असते. पहिला तुकडा, समोरची गोष्ट डोळ्याला दिसून, मेंदूला कळून, पाय किंवा हात ब्रेकवर जाईपर्यंतचा. रस्ता आखताना आपल्याकडे यासाठी अडीच सेकंद धरतात. दुसरा तुकडा ब्रेक लागल्यापासून चाके थांबेपर्यंतचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे ताशी २० किलोमीटरला हे एकूण अंतर २० मीटर, ३० ला ३० मीटर, ४० ला ४५ मीटर आणि ५० ला ६० मीटर धरतात. वेग २० वरून ४० झाला, म्हणजे दुप्पट झाला, की अंतर दुपटीहून जास्त वाढते, कारण ब्रेकचा तुकडा वेगाच्या वर्गाने वाढतो. धडकेचा आघातही तसाच वाढतो. ताशी ६० च्या धडकेत ३० च्या धडकेच्या चौपट ऊर्जा असते. रस्ता ओला असेल तर ब्रेकचा तुकडा आणखी लांबतो. म्हणून चौकात शिरणाऱ्याला किमान ३० ते ४५ मीटर दिसले पाहिजे. आमच्या चौकात पाच दिसत होते.

यात मुलांचे दुःख वेगळे आहे. मोठ्या माणसाचे डोळे साधारण दीड मीटरवर असतात, त्याला साध्या मोटारीच्या टपावरून पलीकडचे काही तरी दिसते. पहिलीतल्या मुलाची सगळी उंचीच एक मीटर दहा-पंधरा सेंटिमीटर. रस्त्यावरची लहानात लहान मोटारही त्याहून उंच असते. आजकालच्या उंच गाड्यांचे तर नुसते बॉनेटच त्याच्या छातीपाशी येते. त्याच्यासाठी उभी गाडी म्हणजे भिंतच. त्या भिंतीआडून तो डोकावतो, आणि डोकावताना तो रस्त्यात आलेला असतो.

चालकाच्या बाजूचेही सांगायला हवे, कारण तो आपला शत्रू नाही. मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना टप पेलणारे खांब असतात. गाडी उलटली तर आतल्या माणसांचा चेंदामेंदा होऊ नये म्हणून ते जाड करतात. त्या खांबाआड एक अख्खा सायकलस्वार मावतो. काटकोनात मिळणाऱ्या दोन रस्त्यांवरून मोटार आणि सायकल आपापल्या स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे येत असतील, तर सायकल शेवटपर्यंत त्या खांबाआडच राहू शकते, कारण दोघांमधला कोन बदलतच नाही. चालकाने मान पुढे-मागे केली तर सायकल दिसते. पण मान हलवायला वेळ मिळावा लागतो, आणि वेळ मिळायला कोपरा मोकळा असावा लागतो.

मग कोपरा कोण खातो? एकेकाचे बघितले तर कुणीच दोषी वाटत नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानासमोर लोक ‘दोनच मिनिटे’ म्हणून दुचाकी लावतात. शहाळेवाल्याची हातगाडी तिथेच लागते, कारण गिऱ्हाईक चारही बाजूंनी येते. वीज मंडळाची डीपी, टेलिफोनचा खोका, कचऱ्याचा कंटेनर सगळे कोपऱ्यालाच, कारण मोकळी जागा तिथेच असते. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर. बंगल्याच्या कंपाउंडवरून बाहेर ओसंडलेली बोगनवेल. असा तो कोपरा मूठमूठभर करून संपतो. शेवटी उरतो तो फक्त वळायचा रस्ता, बघायचा नाही.

हे पूर्वीच्या लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. आपल्याकडच्या बांधकाम नियमावल्यांत एक कलम आहे, जे फार थोड्या जणांनी वाचलेले असते. कोपऱ्यावरच्या प्लॉटची कंपाउंड भिंत, जिथे दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही अंगांना १० मीटरपर्यंत, फक्त पाऊण मीटर उंच बांधायची. वर आणखी पाऊण मीटर हवे असेल तर जाळी किंवा रेलिंग लावायचे, आरपार दिसेल असे. हे कलम लिहिणाऱ्याने पलीकडून येणारे मूल डोळ्यांसमोर ठेवले असले पाहिजे. आता आपल्या वस्तीतून एक फेरी मारा आणि कोपऱ्यावरच्या किती भिंती पाऊण मीटरच्या आहेत ते मोजा.

वाहने उभी करण्याचा नियमही जुनाच आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांत चौकात किंवा चौकाजवळ, वळणावर, फुटपाथवर आणि पादचारी पट्ट्यांजवळ वाहन उभे करू नये असे स्पष्ट लिहिलेले होते. २०१७ मध्ये नवे नियम आले, त्यांतही ही मनाई राहिली. सिग्नल नसलेल्या चौकात हमरस्त्यावरच्या वाहनाला, आणि दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, हाही १९८९ पासूनचा नियम. पण उजवीकडून येणारा दिसलाच नाही, तर त्याला जाऊ द्यायचे कसे? एक नियम मोडला की दुसरा पाळणे अशक्य होते, ते असे.

तुम्ही विचाराल, एवढ्या लहान चौकांची काळजी करण्याजोगे खरोखर काही घडते का? २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते. म्हणजे दर पाच मृतांमध्ये जवळपास एक जण नुसता चालत होता. दुचाकीवरचे ७४,८९७. चालणारे आणि दुचाकीवाले मिळून निम्म्याहून अधिक. हे सगळे महामार्गांवरच होत नाही. पण आपली मोजण्याची रीत बघा. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ कशाला म्हणायचे, तर ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले तर. म्हणजे जागा धोक्याची आहे हे ठरण्यासाठी आधी माणसे जायला हवीत. वस्तीतला चौक या व्याख्येत कधीच बसणार नाही. तिथे दर आठवड्याला एखादा करकचून ब्रेक लागतो, महिन्याकाठी एखादी स्कूटर घसरते, वर्षाकाठी कुणाचे तरी हाड मोडते. यातले बहुतेक कुठल्याही कागदावर येत नाही. येते ते फक्त आयांच्या मनात. त्या मुलाला सांगतात, “एकटा जाऊ नकोस, मी येते सोडायला.” आणि मग शाळेसमोर आणखी शंभर स्कूटर उभ्या राहतात.

हे बदलता येते का? येते, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा एखाद्या आईपासून किंवा बापापासून होते. १९७१ मध्ये नेदरलँड्ससारख्या लहानशा देशात रस्त्यांवर ३,२०० हून अधिक माणसे मेली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यांतल्याच एका मुलीचे वडील, व्हिक लँगेनहॉफ, पत्रकार होते. १९७२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचा मथळा होता ‘बालहत्या थांबवा’. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. पालक मुलांना घेऊन रस्त्यात बसले. दिवसभरासाठी रस्ते बंद करून त्यांनी तिथे मुलांना खेळू दिले. सरकारला ऐकावे लागले. १९७६ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांसाठी वेगळा कायदेशीर दर्जा आला, जिथे गाडीने माणसाच्या चालीने जायचे असते. आज त्या देशात वाहने कितीतरी वाढली आहेत, पण वर्षाचे मृत्यू सातशेच्या आसपास आहेत. १९९७ मध्ये स्वीडनच्या संसदेने तर ‘रस्त्यावर कुणीही मरता कामा नये’ हेच राष्ट्रीय ध्येय ठरवले. त्यामागचा विचार साधा होता. माणूस चुकणारच. त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, एवढी काळजी रस्ता बांधणाऱ्याने घ्यायची.

नेमके आपल्या कोपऱ्याचे उदाहरण मात्र मला होबोकेन या गावात सापडते. न्यूयॉर्कसमोर हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सी राज्यात, साठ हजार वस्तीचे हे गाव. दाट वस्ती, अरुंद रस्ते, पार्किंगची मारामार, हे सगळे आपल्यासारखेच. तिथल्या कायद्याप्रमाणे पादचारी पट्ट्यांपासून २५ फुटांच्या, म्हणजे साधारण साडेसात मीटरच्या आत गाडी उभी करता येत नाही. नियम तिथेही कागदावरच होता. गावाने तो जमिनीवर उतरवला. रस्त्याचे काम निघाले की त्या जागेत लवचीक खांब रोवायचे, सायकलचे स्टँड ठेवायचे, कुठे फुटपाथ रुंद करायचा, कुठे पावसाचे पाणी मुरवणारा वाफा करायचा. म्हणजे ‘इथे लावू नका’ हे सांगायला पोलीस लागत नाही, जागाच ते सांगते. २०१८ मध्ये भारतीय वंशाचे रवी भल्ला तिथे महापौर झाले, त्यांनी हे काम नेटाने पुढे नेले. २०२२ मध्ये गावभर वेगाची मर्यादा ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटर केली. जानेवारी २०१७ नंतर सात वर्षांहून अधिक काळ होबोकेनच्या रस्त्यांवर एकही मृत्यू झाला नाही. कोपरे मोकळे करणे हे त्याचे एकमेव कारण नाही, पण ते त्या कामाच्या पायाशी आहे. कॅलिफोर्निया राज्यानेही २०२३ मध्ये असाच कायदा केला. पट्ट्यांपासून २० फुटांच्या आत गाडी लावायची नाही.

आता मी तुम्हाला बाईंच्या त्या दोन पावलांकडे घेऊन जातो.

समजा आपण कोपऱ्यापासून सात मीटर जागा मोकळी केली. त्यापुढे गाड्या उभ्या आहेत, प्रत्येकीची रुंदी दोन मीटर. येणारे वाहन फुटपाथच्या कडेपासून साडेतीन मीटरवरून चालले आहे. मूल फुटपाथच्या कडेला, जरासे आत उभे आहे. त्याची नजर तिरकी जाते, पहिल्या उभ्या गाडीच्या कोपऱ्याला घासून. हिशेब केला तर त्याला साधारण १२ मीटरवरचे वाहन दिसते. पूर्वीच्या पाच मीटरपेक्षा हे बरे, पण ३० मीटर हवेत, तिथे हे पुरत नाही. आता त्याच मुलाला दोन मीटर पुढे, रस्त्याच्या अंगाला आणा. उभ्या गाड्यांच्या बाहेरच्या रेषेच्या किंचित आत. त्याची नजर आता गाड्यांच्या रेषेला जवळजवळ समांतर जाते, आणि त्याच सात मीटर मोकळ्या जागेतून त्याला ४० मीटरपर्यंतचे वाहन दिसते. तेवढ्याच अंतरावरून चालकालाही मूल दिसते. कागदावर ही आकृती पहिल्यांदा काढली तेव्हा मी बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसलो होतो. बाई उभ्या राहत असत ती हीच जागा. कुठलेही मानक न वाचता, वर्षानुवर्षे रोज उभे राहून त्यांनी ती शोधली होती.

या आकृतीला आमच्या विद्येत एक साधा उपाय आहे. कोपऱ्यावर फुटपाथच दोन मीटर पुढे आणायचा, उभ्या गाड्यांच्या रेषेपर्यंत. त्या जागी गाडी लागूच शकत नाही, त्यामुळे कोपरा आपोआप मोकळा राहतो. चालणाऱ्याला गाड्यांआडून डोकवावे लागत नाही. शिवाय ओलांडायचे अंतर कमी होते. नऊ मीटरचा रस्ता दोन्हीकडून दोन-दोन मीटर आत घेतला की पाच मीटर उरतो. साधारण चालीने साडेसात सेकंदांचा रस्ता सव्वाचार सेकंदांत संपतो. काठी टेकत जाणाऱ्या आजीसाठी हा फरक फार मोठा आहे. आणि वळण घट्ट होते, म्हणून वळणारा आपसूक हळू होतो. लांबरुंद गोलाईचा कोपरा वेगाने वळायला बोलावतो.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. गतिरोधक हवा असेल तर तो मानकाप्रमाणे हवा, म्हणजे १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सपाट चढाचा, पट्टे रंगवलेला. मी त्या वेळी करवला तो हातभर रुंदीचा उंचवटा होता. त्याने कंबरा मोडल्या, आणि त्याला वळसा घालायला स्कूटरवाले फुटपाथच्या कडेने, म्हणजे मुलांच्या अंगाजवळून जाऊ लागले. रस्त्यावरचा दिवा पट्ट्यांच्या बरोबर डोक्यावर नको, गाडी येते त्या बाजूला थोडा अलीकडे हवा, म्हणजे चालणाऱ्याचा दर्शनी भाग उजळतो. आणि दिव्यापुढे आलेली फांदी वेळच्या वेळी छाटायला हवी. पट्टे रंगवताना काचेचे बारीक मणी टाकलेला रंग वापरला तर रात्री ते चमकतात. फुगीर आरसा आंधळ्या बोळाच्या तोंडाशी उपयोगी पडतो, पण त्यात वाहन आहे त्याहून दूर भासते आणि पावसात तो धूसर होतो. कोपरा मोकळा करणे शक्य असताना आरशावर भागवू नये.

आता आक्षेप. पहिला पार्किंगचा. एका चौकाचे चारही कोपरे मोकळे केले तर आठ-दहा मोटारींची जागा जाते, हे खरे आहे. पण ती जागा कायद्याने कधी पार्किंगची नव्हतीच. दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तो टपरीवाल्याचा आणि हातगाडीवाल्याचा. कोपरा मोकळा करणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे नव्हे. त्याला दहा-बारा मीटर सरकायला जागा दिली पाहिजे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात यासाठी समिती आहे आणि तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. त्यांना विचारून करा. रात्री नऊपर्यंत दिवा लावून बसलेला शहाळेवाला हा रस्त्याचा राखणदारच असतो. त्याला हाकलून रस्ता सुरक्षित होत नाही. तिसरा आक्षेप अग्निशामक गाडीचा. मोकळा कोपरा तिला अडथळा होत नाही. आज ती अडते ती कोपऱ्यावर लावलेल्या मोटारीमुळे.

आता सांगतो ते तुम्ही या आठवड्यात करू शकता. एक टेप घ्या, खडू घ्या, वही घ्या. शाळा भरताना, शाळा सुटताना आणि रात्री आठला, असे तीनदा एकेक तास चौकात उभे राहा. चारही कोपऱ्यांवर खाली वाका, डोळे एक मीटरच्या उंचीवर आणा, आणि येणारे वाहन पहिल्यांदा कुठे दिसते तिथे खडूने खूण करा. अंतर मोजून लिहा. करकचून लागलेला प्रत्येक ब्रेक नोंदवा. आडवे येणारे काय काय आहे त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे ते कुणाचे आहे ते लिहा, कारण डीपी एका खात्याची, फांदी दुसऱ्याची, पट्टे तिसऱ्याचे आणि ‘नो पार्किंग’चा आदेश वाहतूक पोलिसांचा. मग चौघांना एकच कागद द्या. नुसते ‘काही तरी करा’ असे लिहू नका. ‘आग्नेय कोपऱ्यावर सात मीटर दिसते, तीस हवेत, त्यासाठी अमुक हलवा’ असे लिहा. मोजलेल्या तक्रारीला ‘गतिरोधकाची मागणी’ असा शेरा मारता येत नाही, हे मी शेरे मारणाऱ्याच्या खुर्चीत बसून शिकलो आहे. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामे अंदाजपत्रकात सुचवण्याची वाट खुली केली, तशी वाट असेल तिथे ती वापरा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आले. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर रचना करणाऱ्यालाही एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्ताही चुकतो, हे कायद्याने मान्य केले, हे मला त्या रकमेपेक्षा मोठे वाटते.

आणि पक्के बांधकाम होईपर्यंत थांबू नका. आधी रंगाने आखा, लवचीक खांब लावा, महिनाभर बघा. कुठे चुकले ते दुरुस्त करा, मग सिमेंट ओता.

गेल्या रविवारी पहाटे शाळेचे काही माजी विद्यार्थी आणि मी चौकात जमलो होतो. १९९४ ची ती मुलगीही आली होती. आता तिची स्वतःची मुलगी याच शाळेत चौथीत आहे. मी कुणाला काही न सांगता एकेकाला विचारले, “बाई नेमक्या कुठे उभ्या राहायच्या?” प्रत्येकाने जागा दाखवली. कुणी पायाने, कुणी बोटाने. त्या सगळ्या खुणा एका हाताच्या अंतरात आल्या. फुटपाथच्या कडेपासून मोजले. एक मीटर सत्तर सेंटिमीटर.

तिथून आम्ही खडूने एक रेघ मारली आणि दोन्ही बाजूंनी वळवून फुटपाथला आणून भिडवली. पावसाने ती आता पुसली असेल. या व्याख्यानमालेच्या आयोजकांना आणि समोर बसलेल्या सर्वांना माझी एकच विनंती आहे. त्या रेघेपर्यंत फुटपाथ बांधून घ्या. बाईंच्या नावाची पाटी लावली नाही तरी चालेल. उद्या एखादे मूल तिथे उभे राहील, त्याला चाळीस मीटरचा रस्ता दिसेल, आणि त्याचा हात धरायला कुणी असो वा नसो, ते नीट पलीकडे जाईल.